नाव झाकल्यावर

मराठी भाषेत मद्याइतके नाव चुकवले जाणारे दुसरे पेय नसेल. चहा आपण पितो, दूध पितो, ताकाचा तर आग्रह होतो; ही एक वस्तू मात्र माणसे नुसती 'घेतात'. "ते घेतात का हो?" एवढेच विचारले जाते. काय घेतात, हे विचारणाऱ्याला सांगावे लागत नाही आणि ऐकणाऱ्याला पुसावे लागत नाही. इंदूरच्या आमच्या जुन्या मराठी घरांत हा संकोच विशेष. देवघरापासून चार हात दूर एखाद्या कपाटात बाटली असे. ती आहे हे सर्वांना ठाऊक असे आणि ती नाही असेच सर्वजण वागत. म्हणून आमच्या घरी महिन्यातून एकदा पाच-सहा माणसे व्हिस्कीची चव घ्यायला जमतात, हे लिहिताना माझीही लेखणी जरा अडखळते. पण या बैठकीत आम्हांला जे गवसले त्याचा संबंध बाटलीपेक्षा आपल्या भाषेशी अधिक आहे, आणि तेवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

व्हिस्की आपल्याकडे आली ती साहेबाबरोबर. १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर महूला छावणी पडली, इंदुरात रेसिडेन्सी बसली, आणि कालांतराने विलायती बाटली ही संस्थानी दिवाणखान्यातली एक मानाची वस्तू होऊन बसली. तिच्यात काय आहे यापेक्षा तिच्यावर काय छापले आहे, हे महत्त्वाचे. आमच्या आळीत एक गृहस्थ होते. त्यांच्या कपाटात वर्षानुवर्षे एकच स्कॉचची बाटली दिसे आणि ती कधी रिकामी होत नसे. पाहुणे घोट घेत, डोळे मिटत आणि म्हणत, "वा! शेवटी विलायती ती विलायती." पुढे त्यांच्या चिरंजिवांनीच गुपित फोडले. बाटली खरीच विलायती होती. आतला माल दर पंधरा दिवसांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून येई! पाहुणे खोटे बोलत नव्हते. त्यांना ती चव खरोखरच लागत होती. फक्त ती जिभेला लागत नसून डोळ्यांना लागत होती.

नावाची ही बाधा आपल्यालाच आहे असे नाही. २००१ मध्ये फ्रान्सच्या बोर्दो येथील संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन तांबडा रंग घालून दिली, आणि द्राक्षमद्याचेच शिक्षण घेणाऱ्या त्या मंडळींनी तिचे वर्णन तांबड्या वाइनच्या शब्दांत केले. स्कॉच व्हिस्कीतही रंगासाठी साधे कॅरमेल घालण्यास कायद्याची मुभा आहे. तेव्हा 'रंग कसा गडद आहे, किती जुनी असेल!' असे म्हणणाऱ्याने जपून म्हणावे.

या रोगावर उपाय निघाला तोही एका घरगुती बैठकीतूनच. १९७० च्या दशकाच्या अखेरीस एडिंबरोच्या पिप हिल्स नावाच्या गृहस्थांनी मित्रांकडून वर्गणी गोळा केली, स्पेसाइड भागातल्या ग्लेनफार्क्लास डिस्टिलरीतून एक पिंप विकत घेतले आणि आपल्या जुन्या लॅगोंडा मोटारीतून घरी आणले. व्हिस्की मित्रांत वाटली गेली. बाजारात मिळणाऱ्या बाटलीहून ही चव इतकी निराळी निघाली की मित्रांचे मित्र येऊ लागले. १९८३ मध्ये त्यातूनच 'स्कॉच माल्ट व्हिस्की सोसायटी' उभी राहिली आणि लीथ बंदरातल्या 'द व्हॉल्ट्स' या जुन्या वास्तूत तिचे बिऱ्हाड झाले. या मंडळींनी एक मोठी मौज केली. त्यांनी बाटलीवर डिस्टिलरीचे नावच छापले नाही, नुसता आकडा छापला. पहिला आकडा डिस्टिलरीचा, दुसरा पिंपाचा. त्यांची पहिली बाटली होती १.१. ज्याला चव घ्यायची त्याने जिभेवर विसंबावे, कुळावर नव्हे!

आमची बैठक याच धड्यावर चालते. मंडळी मोजकी: एक वकील, रसायनशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक, एक दंतवैद्य, त्यांच्या पत्नी आणि मी. बाटल्या चार. दंतवैद्यबाईंनी जुन्या खणांच्या चार पिशव्या शिवून दिल्या आहेत. बाटली पिशवीत जाते आणि पिशवीला चिठ्ठी लागते, १ ते ४. पिशव्या भरण्याचे काम माझ्या मुलीकडे. ती स्वतः चवीला बसत नाही. पेला हवा तो पोटाशी रुंद आणि तोंडाशी निमुळता, म्हणजे वास उडून न जाता नाकाशी येतो. २००१ पासून ग्लेनकेर्न नावाचा असा पेला स्कॉटलंडात निघाला आणि तो आता जगभर चालतो. प्रत्येकी १५ मिलिलिटर, म्हणजे चहाचे तीन चमचे. बर्फ नाही, सोडा नाही. शेजारी साध्या पाण्याचा तांब्या, आणि घोट गिळायचा नसेल त्यांच्यासाठी वाड्यातली पितळी पिकदाणी. तिला इतक्या वर्षांनी काम मिळाले! शेव, जिरावण आणि लसूण या इंदुरी दैवतांना बैठक संपेपर्यंत मज्जाव.

पहिली दहा मिनिटे नुसता वास. मग एक घोट तसाच. मग चमच्याने पाण्याचे चार थेंब आणि पुन्हा वास. पाणी घातल्याने वास खुलतो, हे जुन्या जाणत्यांना माहीत होतेच. २०१७ मध्ये स्वीडनच्या लिनेयस विद्यापीठातल्या दोघा शास्त्रज्ञांनी संगणकावर मांडणी करून त्याचे एक कारण दाखवले. व्हिस्कीला धुरकट चव देणाऱ्या द्रव्यांत ग्वायाकोल नावाचे एक द्रव्य आहे. मद्यार्काचे प्रमाण फार असले की ते द्रवात खोल दडून राहते. पाणी घातले की पृष्ठभागाशी येते आणि नाकाला भेटते.

इथवर सारे सुरळीत चालले. अडचण आली ती पुढे: वास तर आला, पण सांगायचा कसा? मुलीने बंगळूरहून चवींचा एक छापील तक्ता आणला होता. असे चक्र प्रथम १९७० च्या दशकात स्कॉटलंडच्या व्हिस्की संशोधकांनी बनवले. त्यावर हेदरची फुले होती, नाताळचा केक होता, संत्र्याचा मार्मालेड होता. हेदर आमच्यापैकी कोणी पाहिलेले नव्हते. वकीलसाहेब तरीही पेला नाकाशी धरून "हेदर, हेदर" म्हणू लागले, तेव्हा दंतवैद्यबाईंनी शांतपणे विचारले, "अहो, हेदरचा वास कसा असतो?" वकिलांनी तारीख मागून घेतली.

त्या वेळी आमच्या माई आत आल्या. माई म्हणजे माझ्या थोरल्या काकू, वय ८१. त्यांनी उभ्या आयुष्यात या वस्तूला स्पर्श केलेला नाही. पण त्यांचे नाक असे की मसाल्यात धने कणभर जास्त भाजले गेले तर माजघरातून ओरडून सांगतील. दंतवैद्यबाई म्हणाल्या, "माई, नुसता वास घेऊन पाहता का?" माईंनी पेला हातात न घेता मान पुढे केली आणि म्हणाल्या, "अगं, हा तर कार्बोलिक साबण! लहानपणी साथ आली की आमचे दादा आणत, तो लाल."

प्राध्यापक खुर्चीतून उठलेच. पिशवीत होती आयला बेटावरची लाफ्रॉइग. त्या बेटावर मोड आणलेले जव पीटच्या धुरावर सुकवतात. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षे दबून काळी झालेली वनस्पतींची माती. त्या धुरातून जवात उतरतात ती फिनॉलवर्गी द्रव्ये. आणि फिनॉलचेच जुने नाव कार्बोलिक आम्ल. १८६५ मध्ये जोसेफ लिस्टर यांनी जखमा निर्जंतुक करण्यासाठी तेच वापरले, आणि तेही स्कॉटलंडातच, ग्लासगोच्या रुग्णालयात. छापील तक्ता नसता तरी चालले असते. माईंचा शब्द रसायनशास्त्राच्या कसोटीलाही उतरत होता.

त्या दिवसापासून आम्ही एक वही घातली. नियम एकच: ज्या वस्तूचा वास आपण स्वतः घेतला आहे तिचेच नाव लिहायचे, आणि मराठीत लिहायचे. ओकच्या पिंपातून व्हिस्कीत व्हॅनिलिन उतरते. वहीत त्याची नोंद 'दुधी हलवा गार झाल्यावर' अशी आहे. शेरीच्या पिंपातली व्हिस्की म्हणजे 'मनुका तुपात फुगताना'. आणखी काही नोंदी: 'पावसाळ्यातले ओले गोणपाट', 'होळीच्या दुसऱ्या दिवशीची राख', 'सराफ्यात भुट्टा भाजताना', 'नव्या वहीचा पुठ्ठा'. आणि विशेषणे तर अशी निघाली की ती घरात शेवटची कधी ऐकली ते आठवेना: खरपूस, करपट, कडसर, आंबूस, कुबट, उग्र, खमंग. माझी मुलगी तिशीची आहे. घरात मराठी बोलते, पण वासाला तिच्याजवळ दोनच शब्द होते, चांगला आणि वाईट. आता ती फोनवरून विचारते, "बाबा, कुबट आणि कोंदट यांत फरक काय?" इंदुरात, हिंदीच्या भर बाजारात, आपली भाषा सणवार आणि नात्यांपुरती उरते की काय, अशी भीती आम्हां जुन्या घरांना नेहमी वाटते. तिची एक पेटी या निमित्ताने उघडली.

चैत्रातल्या एका बैठकीचा निकाल सांगतो. पहिल्या पिशवीत स्पेसाइडची बारा वर्षांची व्हिस्की, दुसरीत गोव्याच्या कुंकळ्ळीची पॉल जॉन, तिसरीत लाफ्रॉइग आणि चौथीत आपल्या बाजारातली नेहमीची स्वस्त देशी व्हिस्की. चौथी सर्वांनी ओळखली. अशा व्हिस्कीचा पाया बहुधा उसाच्या मळीपासून काढलेला मद्यार्क असतो. युरोपात तिला व्हिस्की म्हणूही देत नाहीत. दोघांनी गोव्याची पहिली लावली, तर प्राध्यापकांनी "फार गोड" म्हणून शेवटून दुसरी. वकीलसाहेब पंचवीस वर्षे ज्या स्पेसाइडच्या बाटलीची वकिली करत आले, तिला त्यांनी तिसरा क्रमांक दिला. पिशवी निघाली तेव्हा ते क्षणभर गप्प बसले आणि म्हणाले, "माझाच साक्षीदार फितूर झाला!" मग एवढे हसले की माई बाहेर आल्या.

गोव्याची ही व्हिस्की २०१२ मध्ये लंडनला बाजारात आली. त्याआधी २००४ मध्ये बंगळूरच्या अमृत कंपनीने आपली सिंगल माल्ट ग्लासगोला नेऊन विकायला ठेवली. हे म्हणजे नाशिकला द्राक्षे नेण्यासारखेच. १९४८ मध्ये ती कंपनी काढणाऱ्या गृहस्थांचे आडनाव जगदाळे, हे वाचून आपल्या वाचकांचे कान टवकारतील. उष्ण हवेत पिंपातली व्हिस्की झपाट्याने मुरते आणि तितक्याच झपाट्याने उडून जाते. स्कॉटलंडात वर्षाला साधारण २ टक्के उडते, गोव्यात सुमारे ८, बंगळूरला १० च्याही वर. या उडालेल्या भागाला तिकडे देवदूतांचा वाटा म्हणतात. आपल्याला हे नवल नाही. उज्जैनच्या काळभैरवाला मद्याचाच नैवेद्य लागतो.

आता एक आक्षेप, आणि तो खराच आहे. दारूने बसलेली घरे आपल्या प्रत्येकाच्या नात्यात आहेत. १ एप्रिल २०२५ पासून महेश्वर, ओंकारेश्वर, उज्जैन या क्षेत्रांत मद्यविक्री बंद झाली, तेव्हा अनेक घरांतल्या बायकांनी सुटकेचा निःश्वास टाकला असेल. मद्याचे कोणतेच प्रमाण पूर्णतः निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले आहे. चव घेणे हा त्यावरचा उतारा आहे, असे म्हणण्याचा माझा इरादा नाही. जो घेत नाही त्याने या लेखामुळे घेऊ नये. आमच्या बैठकीत चार चवींहून पाचवी नसते, गाडी कोणी चालवत नाही, आणि एका स्नेह्याला तेवढ्यावर थांबणे जमेना तेव्हा तो आपणहून यायचा थांबला. आता आम्हीच त्याच्याकडे चहाला जातो.

माईंचा धाकटा भाऊ दारूपायी ४१ व्या वर्षी गेला. हे आम्हांला माहीत होते, म्हणून एकदा मी भीतभीत विचारले, "माई, तुम्हांला हे सारे पाहवते कसे?" माई वाती वळत होत्या. म्हणाल्या, "तो कधी वास घेत नसे रे. पेला ओठाला लागला की रिकामा. काय प्यायला ते त्यालाही कधी कळले नसेल." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "तुम्ही निदान तोंडात काय आहे ते विचारता."

वहीत आता बारा पाने भरली आहेत. तेराव्या पानावर एक जागा मात्र कोरी आहे. गोव्याच्या त्या व्हिस्कीत पाणी घातल्यावर शेवटी एक वास येतो. माई म्हणतात, पितळी डब्यात गूळ आणि सुंठ एकत्र ठेवत. तो डबा रिकामा झाला, धुतला, आणि दुसऱ्या दिवशी झाकण उघडले की येतो तो हा वास. देवासला त्यांच्या माहेरी त्याला एक शब्द होता. तो काही केल्या आठवत नाही. वाचकांपैकी कुणाच्या आजीला ठाऊक असेल तर जरूर कळवावे. वहीत जागा राखून ठेवली आहे.