काठी फिरते तेव्हा

वाळूवर निळ्या भुकटीचा नाला, काडेपेट्यांची दोन घरं, सुतळीने आखलेली वाट. सरावाआधीच्या या सँड मॉडेलभोवती स्क्वाडचे सहा जण उकिडवे बसले होते. कॅप्टनसाहेबांनी काम समजावलं, ‘कोई शक?’ विचारलं आणि हातातली काठी नायकाकडे दिली. आता तो सांगू लागला : आत कुठून शिरायचं, रेडिओ बंद पडला तर कुठे भेटायचं, जखमीला कोण उचलणार. मग तेवढ्याच सहजपणे म्हणाला, ‘साब को गोली लगी, तो कमांड मेरे पास.’ त्याच्यानंतर कोण, हेही ठरलेलं होतं. पुढच्याने परतीचा रस्ता सांगताना नाल्याचा काठ चुकवला. त्याला अडवलं ते सर्वांत कनिष्ठ जवानाने, आणि साहेबांनी त्याला बोलू दिलं.

पॅरा स्पेशल फोर्सेसची रचना मला इथे उमगली. बटालियनखाली टीम, टीमखाली ट्रूप, ट्रूपमध्ये अशी छोटी स्क्वाड. टीम मेजरकडे, ट्रूप कॅप्टनकडे. स्फोटकं, प्रथमोपचार, संपर्क असं प्रत्येकाचं वेगळं कसब. शिवाय सोबत्याचं कामही जमलं पाहिजे. शत्रूच्या मुलखात वरिष्ठांना विचारायला वेळ नसतो, म्हणून निर्णयाचा अधिकार खालपर्यंत दिलेला असतो. आणि नुसत्या हुद्द्यावर इथे कोणी नेता होत नाही. अधिकाऱ्यालाही प्रोबेशनची कठोर परीक्षा पार करावी लागते, तेव्हाच पलटण त्याला आपला मानते.

या फौजेचं मूळ 1965 च्या युद्धात मेजर मेघसिंग यांनी उभारलेल्या मेघदूत फोर्समध्ये आहे. डिसेंबर 1971 मध्ये लेफ्टनंट कर्नल भवानीसिंग यांची 10 पॅरा कमांडो वाळवंट तुडवत पाकिस्तानातल्या छाछरोपर्यंत धडकली. आपली 21 मराठा लाइट इन्फंट्री 1996 मध्ये 21 पॅरा स्पेशल फोर्सेस झाली. 2015 मध्ये कुपवाड्यात हुतात्मा झालेले साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक याच पलटणीचे.

खाली इतकी चोख असलेली ही घडी वर मात्र विस्कटते. पॅरा लष्कराचे, मार्कोस नौदलाचे, गरुड हवाई दलाचे. प्रत्येकाची जडणघडण आपापल्या दलात. नरेश चंद्र समितीने 2012 मध्ये तिघांसाठी एक संयुक्त कमांड सुचवली होती. 2019 मध्ये उभी राहिली ती मेजर जनरलच्या हाताखालची एक डिव्हिजन. माझ्या मते ती पुरेशी नाही. स्वतःचा निधी आणि तिन्ही दलांवर चालणारा अधिकार असलेली पूर्ण कमांड सरकारने आता उभारावी.