निवळी, सिलिंडर आणि दोन बाटल्या

काचेच्या टाकीत दगडी प्रवाळ वाढवण्याचा छंद आज पन्नाशी ओलांडून गेला आहे. त्याआधी कुणी प्रयत्न केले नव्हते असं नाही. जाकार्ताचे ली चिन एंग यांनी १९६१ सालीच आपल्या पद्धतीबद्दल लिहिलं होतं : समुद्रातले जिवंत (म्हणजे जीवजंतूंसकट आणलेले) खडक, हवेचे बुडबुडे आणि समुद्राचं पाणी. पण जाकार्ताला समुद्र शेजारीच. अडचण होती ती समुद्रापासून लांब, बर्लिनसारख्या शहरांत पोत्यातलं मीठ कालवून टाक्या भरणाऱ्यांची. तिथे प्रवाळ काही दिवस तग धरायचे आणि मग त्यांची वाढ खुंटायची.

कारण साधं होतं. प्रवाळाचा सांगाडा म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट आणि तो तयार होतो पाण्यातूनच. समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण ४१०-४२० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं आणि अल्कलिनिटी, म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचा साठा, जर्मन मापाने ७ अंश. हा साठा समुद्रात संपत नाही, टाकीत संपतो. तोही एका ठरलेल्या प्रमाणात : अल्कलिनिटी १ अंशाने उतरली की कॅल्शियम ७ मिलिग्रॅमने उतरतं. हा आकडा नीट पाहावा. ७ पैकी १ गेला तर सातवा हिस्सा गेला, पण ४२० पैकी ७ गेले तर घरगुती चाचणी-संचाला पत्तासुद्धा लागत नाही. बरीच वर्षं लोक कॅल्शियम मोजून निश्चिंत होत राहिले आणि टाकीतली खरी चणचण अल्कलिनिटीची होती.

१९७०च्या दशकात पेटर विल्केन्स यांनी यावर जो उपाय रूढ केला, तो आपल्याकडे शाळेच्या प्रयोगशाळेतला : चुन्याची निवळी. पानाला लावतो तो चुना आणि हा पदार्थ एकच, फक्त इथे शुद्ध हवा. पाण्यात चुना टाकून ढवळला की पांढरंफट्ट दूध होतं. काही तासांत गाळ खाली बसतो आणि वर नितळ पाणी उरतं. लिटरभर पाण्यात विरघळतो जेमतेम दीड ग्रॅम, आणि पाणी तापलं की आणखी कमीच. भांडं उघडं राहिलं तर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे वर पापुद्रा धरतो; तेवढा चुना वाया गेला म्हणायचा. टाकीतलं जे पाणी वाफ होऊन उडतं, त्याच्या जागी ही निवळी थेंब थेंब सोडायची, तीही शक्यतो रात्री, कारण टाकीचा पीएच रात्री उतरतो आणि निवळीचा असतो बारापेक्षा जास्त. डीट्रिश श्ट्यूबर आणि त्यांच्या बर्लिनच्या मित्रांनी जिवंत खडक, फेस काढणारं यंत्र आणि निवळी या तिघांवर टाक्या उभ्या केल्या. श्ट्यूबरांच्या टाकीतल्या अ‍ॅक्रोपोरा प्रवाळाचे तुकडे पुढे युरोप-अमेरिकेतल्या कितीतरी घरांत वाढले.

निवळीला मर्यादा होती ती बाष्पीभवनाची. जितकं पाणी उडेल तितकीच ती देता येणार. दोनशे लिटरच्या टाकीतून रोज चार लिटर उडत असेल तर अल्कलिनिटीचे सव्वादोन अंश भरून निघतात. एवढं बहुतेक टाक्यांना पुरतं, पण प्रवाळांनी खच्चून भरलेल्या टाकीला पुरेलच असं नाही. शिवाय पाणी भरणारा फ्लोट अडकला आणि सगळी निवळी एकदम आत गेली, तर सकाळी टाकी ताकासारखी दिसते.

मग १९९०च्या दशकात जर्मनीतच दोन नव्या वाटा निघाल्या. ड्युसेलडॉर्फच्या मत्स्यालयातले रॉल्फ हेबिंगहाउस यांच्या नावाशी जोडली गेलेली पहिली वाट कॅल्शियम रिअ‍ॅक्टरची : नळकांड्यात प्रवाळाचा चुरा भरायचा, सिलिंडरमधून कार्बन डायऑक्साइड सोडून पीएच साडेसहाच्या आसपास आणायचा, की जुनेच सांगाडे विरघळून नव्यांना खाद्य मिळतं. मोठ्या टाकीला याला तोड नाही. पण सिलिंडर, रेग्युलेटर, सुया, झडपा यांची खटपट आहे आणि टाकीचा पीएच खाली ओढला जातो तो वेगळाच.

दुसरी वाट हान्स-वेर्नर बालिंग यांची. एका बाटलीत कॅल्शियम क्लोराइड, दुसरीत खाण्याचा सोडा. प्रवाळांनी आपला वाटा उचलला की मागे साधं मीठ उरतं. ते साचू नये, क्षारांचं प्रमाण बिघडू नये म्हणून बालिंगनी तिसरं, मीठविरहित मिश्रण जोडलं. या बाटल्या अमेरिकेत विकल्या गेल्या, पण महाग पडत. तेव्हा रँडी होम्स-फार्ली या रसायनशास्त्रज्ञाने घरी करायची कृती लिहून सगळ्यांना देऊन टाकली. २००६ मध्ये ती सुधारूनही दिली. रस्त्यावरचा बर्फ वितळवायला वापरतात ते कॅल्शियम क्लोराइड आणि ओव्हनमध्ये भाजून धुण्याच्या सोड्यात बदललेला खाण्याचा सोडा. याच गृहस्थांचा मूत्रपिंडाच्या रुग्णांना देण्याच्या सेव्हेलामर या औषधाच्या शोधात वाटा आहे. बाजारातल्या रंगीत बाटल्यांचं गूढ उतरवण्याचं श्रेय मी त्यांनाच देईन.

त्यानंतरचा इतिहास सोयीचा आहे. डोसिंग पंप स्वस्त झाले, अल्कलिनिटी आपोआप मोजणारी यंत्रं आली, कॅल्शियम फॉर्मेटची एकच बाटली आली, जिच्यातलं फॉर्मेट जिवाणू खातात आणि बायकार्बोनेट मागे ठेवतात. आणि गंमत म्हणजे निवळी परतली. बंद खिडक्यांच्या, वातानुकूलित घरांत हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढतो, टाकीचा पीएच उतरतो, आणि तो चढवण्याचं काम निवळीइतक्या स्वस्तात दुसरं काही करत नाही.

भारतात दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणच्या समुद्रातला तुकडा उचलून आणणं हा गुन्हा आहे. त्यामुळे हा मजकूर मुख्यतः परदेशात टाकी मांडून बसलेल्या मराठी मंडळींसाठी. त्यांना एवढंच सांगणं : काहीही विकत घेण्याआधी आठवडाभर रोज एकाच वेळी अल्कलिनिटी मोजा आणि पाणी किती उडतं ते लिहून ठेवा. रोजची घट निवळीने भरून निघत असेल तर निवळीच घ्या. नसेल तर तिच्या जोडीला दोन बाटल्या. सिलिंडरचा विचार टाकी हजार लिटरच्या घरात गेल्यावर करा.