पाबळचा घुमट : पासष्ट तुकड्यांचा धडा

कारखान्यांच्या पट्ट्यातल्या कुरुळीत लोखंड कापणारं पोरगं शोधावं लागत नाही. पण 'हा तुकडा याच मापाचा का?' असं विचारलं, तर उत्तर बहुधा एकच : 'ड्रॉइंगमध्ये तसं आहे.'

हा 'का' हातानेच शिकावा म्हणून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये शिरूर तालुक्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. मुलं वर्षभर तिथेच राहतात आणि शेती-पशुपालन, ऊर्जा-पर्यावरण, गृह-आरोग्य, अभियांत्रिकी अशा चारही विभागांत काम करतात. तिथलं ओळखीचं काम म्हणजे 'पाबळ डोम'. हा जिओडेसिक, म्हणजे त्रिकोण जोडून केलेला घुमट. चौकोनी सांगाडा ढकलला की कलतो. त्रिकोण बाजू वाकल्याशिवाय हलत नाही.

आपण तीन मीटर त्रिज्येचा सर्वांत सोपा अर्धगोल घेऊ. तुकडे पासष्ट, मापं दोनच. तीस आखूड : त्रिज्या गुणिले ०.५४६५, म्हणजे १.६४ मीटर. पस्तीस लांब : त्रिज्या गुणिले ०.६१८, म्हणजे १.८५ मीटर.

पहिली चूक इथेच होते. ही मापं भोकाच्या मध्यापासून भोकाच्या मध्यापर्यंतची आहेत. लोखंडी अँगल नेमका १.६४ मीटर कापला, तर भोक पाडायला टोक उरत नाही. दोन्हीकडे अडीच-अडीच सेंटिमीटर जादा ठेवा. प्रत्येक भोक टेपने मोजू नका. एक जिग, म्हणजे माप धरून ठेवणारा साचा, बनवा. दोन-दोन मिलिमीटरची चूक साठत जाते आणि शेवटचा तुकडा बसत नाही.

आखूड तुकड्यांची टोकं लाल रंगवा, लांबांची निळी. पोरकट वाटेल, पण अर्धा दिवस वाचतो.

आता जमीन. मध्यावर खुंटी ठोकून तीन मीटर त्रिज्येचं वर्तुळ आखा. सुतळी ताणली जाते, म्हणून तार घ्या. पातळी पाण्याच्या नळीने तपासा. नळीत हवेचा बुडबुडा अडकला, तर तीच नळी खोटं सांगते.

तळाचं कडं दहा लांब तुकड्यांचं. वर जाताना एवढंच लक्षात ठेवा : पाच तुकडे एकत्र येतात तिथे पाचही आखूड, सहा येतात तिथे दोन आखूड, चार लांब. नट आधी नुसते अडकवा, कसायचे सगळ्यात शेवटी. शेवटचा तुकडा बसला नाही तर हातोडा उचलू नका. खाली कुठेतरी लाल-निळ्याची अदलाबदल झालेली असते, ती शोधा.

मग बारीक जाळी आणि तिच्यावर सिमेंटचा गिलावा. थर पातळ, त्यामुळे उन्हात झटकन सुकतो आणि तडकतो. किमान सात दिवस पाणी मारा. एप्रिल-मे असेल तर ओली गोणपाटं पांघरा. दुपारी ऊन खाणारी पश्चिमेची बाजू आधी बघा.

राहिला हिशेब, आणि माझ्या मते खरी परीक्षा हीच. अँगल सहा मीटरचा मिळतो. एकातून लांब तुकडे तीनच निघतात, आखूडही तीनच. म्हणजे बारा आणि दहा, एकूण बावीस नग. बोल्ट, रंग, वाहतूक आणि स्वतःची मजुरी मुलं हमखास विसरतात. आखूड तुकडे काढलेल्या दहा नगांतून मात्र प्रत्येकी नव्वद सेंटिमीटर उरतात. ते भंगारात घालू नका. खिडकीची चौकट त्यातच निघते.