आजीच्या श्रमांचा हिशेब

मुलगा इतवारीच्या पेढीवर, सून कार्यालयात आणि बेसा येथील सदनिकेत नातवंडासह आजी, हे चित्र आता नवे नाही. या सांभाळाचे मोल द्यावे काय? स्वीडनमध्ये जुलै २०२४ पासून आई-वडिलांना आपल्या सवेतन बालसंगोपन रजेचे काही दिवस आजी-आजोबांना देता येतात. आपला २००७ चा कायदा ज्येष्ठांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलांवर ठेवतो. नातवंडांच्या सांभाळाचा मोबदला मात्र त्यात नाही. वात्सल्याला वेतन शोभत नाही, हे खरे. तथापि पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या घरात आजीचे चुकलेले सामायिक आणि दुखरे गुडघे कोणत्या वहीत मांडले जातात? दरमहा ठरावीक रक्कम तिने न मागता तिच्या खात्यात जमा करावी, आठवड्यातील एक दिवस तिला मोकळा द्यावा. त्यास वेतन म्हणू नये, कृतज्ञता म्हणावे.