जीभ भाजते, पण थर्मामीटर हलत नाही

गोव्याच्या किनाऱ्यावरील उपाहारगृहांत हुमण आणि शागुतीच्या जोडीला आता थाई पदार्थही मिळतात. त्यांतले 'टॉम यम' नावाचे आंबट-तिखट सूप पुष्कळांच्या परिचयाचे झाले आहे. त्यात गवती चहा असतो, आल्याच्या कुळातले कोलिंजन असते, लिंबाचा रस असतो आणि बोटाच्या पेराएवढ्या लहान मिरच्या असतात. या मिरचीचे थाई नाव आहे 'फ्रिक खी नू', म्हणजे उंदराच्या लेंडीची मिरची! नाव गमतीचे, पण गुण जहाल. ती दाताखाली आली की जीभ पेटते, डोळ्यांतून पाणी येते आणि कपाळावर घाम जमतो.

आता विचार करा. ते सूप वाटीत ठेवून पार थंड केले, तरी जीभ भाजतेच. मग ही उष्णता आली कोठून?

घरी एक सोपा प्रयोग करा. दोन पेल्यांत सारखे पाणी घ्या. एका पेल्यात दोन हिरव्या मिरच्या ठेचून टाका. अर्ध्या तासाने दोन्ही पेल्यांतील तापमान थर्मामीटरने मोजा. आकडा एकच येईल. मिरचीने पाणी तापत नाही. म्हणजे भौतिकशास्त्राच्या दृष्टीने येथे उष्णता नाहीच. आहे ती उष्णतेची खोटी वर्दी!

खोटी वर्दी देणारा रेणू

मिरचीतील जहाल पदार्थाला 'कॅप्सेसिन' म्हणतात. हे नाव 1876 साली थ्रेश या रसायनशास्त्रज्ञाने दिले. मिरचीचे बी तिखट असते असा आपला समज असतो. पण कॅप्सेसिन तयार होते ते बी ज्या पांढऱ्या शिरेला चिकटलेले असते त्या शिरेत.

आपल्या जिभेत आणि कातडीत चेतातंतूंच्या टोकांवर सूक्ष्म दरवाजे असतात. त्यांतला एक दरवाजा तापमान सुमारे 43 अंश सेल्सियसच्या वर गेले की उघडतो आणि मेंदूला कळवतो, "भाजते आहे!" कॅप्सेसिनचा रेणू या दरवाजाला जाऊन चिकटतो आणि नेहमीच्या तापमानालाच तो उघडतो. मेंदू काय समजणार? त्याला वाटते, जीभ पोळली. हा दरवाजा 1997 साली अमेरिकेतील डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेत सापडला. त्याबद्दल त्यांना 2021 चे नोबेल पारितोषिक अर्डेम पटापुटियन यांच्यासमवेत मिळाले. पुदिन्याचा गारवाही असाच फसवा असतो. तो थंडी सांगणारा दुसरा दरवाजा उघडतो.

तिखट खाल्ल्यावर गरम चहा अधिकच पोळतो, याचेही कारण आता तुमच्या ध्यानात येईल. दरवाजा आधीच किलकिला झालेला असतो!

तर्रीचे शास्त्र

मिरची मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा आणि 1511 मध्ये मलाक्का जिंकले. त्यांच्या समुद्री व्यापारातून मिरची भारतात आली आणि पुढे थायलंडकडेही गेली, असे मानले जाते. तेव्हा आपली चटणी आणि थाई कढी या एकाच प्रवाशाच्या दोन मुक्कामांवरच्या गोष्टी आहेत.

दोघींचे शास्त्रही एकच. थाई स्वयंपाकी नारळाचे दाट दूध तेल सुटेपर्यंत आटवतो आणि त्या तेलात मिरचीचे वाटण परततो. आपल्या विदर्भात तर्री-पोह्यांची तर्री पाहा. लाल तवंग वर, रस्सा खाली. मिरचीचा लाल रंग आणि कॅप्सेसिन, दोन्ही तेलात विरघळतात. पाण्यात जवळजवळ नाही.

म्हणूनच तोंड भाजले असता घटाघट पाणी पिऊन उपयोग होत नाही. पाणी तोंडात आहे तोवर गार वाटते, गिळले की आग पुन्हा आहेच. दूध किंवा दही घ्यावे. त्यांतील स्निग्धांश कॅप्सेसिनला विरघळवून घेतो आणि केसीन नावाचे प्रथिन त्याला धरून ठेवते. कोणी विचारील, "तर्रीतही तेलच असते, मग ती का भाजते?" प्रश्न चांगला आहे. ज्या तेलात कॅप्सेसिन आधीच भरलेले आहे ते जिभेला कॅप्सेसिन देते. ज्या स्निग्ध पदार्थात ते नाही, तो जिभेवरून घेते.

घाम येतो, पुढे काय?

मेंदूची समजूत झाली की अंग तापले. म्हणून तो घाम सोडतो. एक ग्रॅम घामाची वाफ होताना शरीरातून सुमारे 580 कॅलरी उष्णता जाते. आमच्या ऊर्जानगरच्या औष्णिक वीज केंद्रातील कूलिंग टॉवर याच तत्त्वावर पाणी थंड करतात. मात्र गोव्याच्या किनाऱ्यावर हवा दमट, त्यामुळे घाम अंगावरच राहतो. चंद्रपूरची मे महिन्यातली हवा कोरडी, तेथे तो पाहता पाहता वाळतो. पण हेही लक्षात ठेवा की हवा 46 अंशांवर आणि शरीर 37 अंशांवर असेल, तर घाम वाळणे हाच शरीराचा थंड होण्याचा एकमेव मार्ग उरतो. घाम दिसला नाही म्हणून पाणी कमी पिऊ नये.

मिरची तोडणाऱ्यांचे हात

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील हजारो माणसे दरवर्षी मिरची तोडणीसाठी तेलंगणात जातात. तुमच्या वर्गातील कोणाचे आई-वडीलही जात असतील. सबंध मिरची हातात घेतली तर फारसे काही होत नाही; पण दिवसभरात कितीतरी मिरच्या फुटतात. आतल्या शिरेतले कॅप्सेसिन बोटांना लागते, आणि रात्री हातांची आग होते. कातडीतही तेच दरवाजे असतात ना!

नुसत्या पाण्याने हात धुऊन ही आग जात नाही, कारण आता तुम्हांला माहीत आहे. आधी हातांना थोडे गोडेतेल चोळावे, ते फडक्याने पुसून काढावे आणि मग साबणाने हात धुवावेत. साबणाच्या रेणूचे एक टोक तेलाला धरते व दुसरे पाण्याला, म्हणून तेलाबरोबर कॅप्सेसिनही निघून जाते. हात स्वच्छ होईपर्यंत डोळ्यांना लावू नयेत. डोळ्यांत गेलेच तर तेथे तेल मुळीच घालू नये. भरपूर स्वच्छ पाण्याने डोळे धुवावेत आणि आग थांबली नाही तर डॉक्टरांकडे जावे. कामावर रबरी हातमोजे आणि नाकातोंडाला फडके असेल तर उत्तमच.

तोडणीला जाणाऱ्या कोणाला हे ठाऊक नसेल, तर या वर्षी ते निघण्यापूर्वी त्यांना समजावून सांगा. सोबत तेलाची लहान बाटली आणि साबणाची वडीही बांधून द्या.