कवचाचे टोक कोठे जोडावे?

चंदीगडला लागून असलेल्या मोहाली शहरात, सेक्टर ८१ मध्ये, ‘नॉलेज सिटी’ नावाचा परिसर आहे. २००७ साली स्थापन झालेली भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था तेथे आहे; नॅनोविज्ञान आणि कृषि-अन्न जैवतंत्रज्ञान या विषयांच्या राष्ट्रीय संस्थाही तेथेच आहेत. अशा कोणत्याही संशोधनसंस्थेत दोन प्रकारचे विद्युत् प्रवाह एकाच छपराखाली नांदतात. एक पंप, पंखे व लिफ्ट यांच्या मोटरी फिरविणारा, तर दुसरा मापनयंत्रांतून वाहणारा, अत्यंत क्षीण. पहिल्याने दुसऱ्यात ढवळाढवळ केली तरी यंत्र बहुधा बंद पडत नाही. ते खोटे आकडे दाखवू लागते. खरा धोका हाच आहे.

या दोहोंतील तफावत किती असते ते पाहू. तापमान मोजण्यासाठी दोन भिन्न धातूंच्या तारा जोडून तपयुग्म तयार करतात. नेहमीच्या वापरातील एका तपयुग्मात तापमान एक अंशाने वाढले, की दाब सुमारे ४१ मायक्रोव्होल्टनी वाढतो. याउलट मोटरीचा वेग बदलणारा आधुनिक नियंत्रक, म्हणजे ड्राइव्ह, ४१५ व्होल्टच्या त्रिकला पुरवठ्यापासून सुमारे ५६० व्होल्टचा एकदिश दाब निर्माण करतो आणि सेकंदाला हजारो वेळा तो जोडतो व तोडतो. प्रत्येक ठोका मायक्रोसेकंदाच्या अंशात चढतो. इतक्या वेगाने बदलणारा दाब तारेच्या वेष्टनालाही जुमानत नाही; त्याच्यामुळे भोवतालच्या प्रत्येक धातूत थोडा प्रवाह झिरपतो.

म्हणून केबलीभोवती तारांच्या जाळीचे कवच घालतात. धातूने मढविलेल्या खोलीच्या आत बाहेरच्या विद्युत् भाराचा परिणाम पोहोचत नाही, हे मायकेल फॅरडे यांनी १८३६ मध्ये दाखवून दिले होते. तथापि कवच विद्युत् गिळून टाकते असे मात्र नाही. ते छपराच्या पन्हळीसारखे आहे. पाणी गोळा करून योग्य जागी पोहोचविणे हे पन्हळीचे काम. तिचे टोक अधांतरी सोडले, तर भिंत भिजणारच. झिरपलेला प्रवाहही जेथून निघाला तेथे, म्हणजे ड्राइव्हकडे, परत जातोच. त्याला जवळची वाट दिली नाही, तर तो इमारतीच्या लोखंडातून आणि शेजारच्या मापन-केबलींतून आपली वाट काढतो.

यावरून पहिला नियम निघतो: ड्राइव्हपासून मोटरीपर्यंतच्या केबलीचे कवच दोन्ही टोकांना जोडावे, एका टोकाला मोटरीच्या सांगाड्याशी आणि दुसऱ्या टोकाला ड्राइव्हच्या धातूच्या पाटीशी.

मंद गतीने बदलणाऱ्या क्षीण संकेतांच्या केबलीला मात्र वेगळा न्याय लागतो. दोन दूरच्या ठिकाणांच्या अर्थिंगचा दाब तंतोतंत सारखा नसतो. कवच दोन्हीकडे जोडले, तर या फरकामुळे कवचातूनच ५० हर्ट्‌झचा प्रवाह वाहू लागतो आणि आतल्या संकेतात गुणगुण मिसळते. अशा केबलीचे कवच सामान्यतः एकाच टोकाला, बहुधा नियंत्रण-कपाटापाशी, जोडतात. दुसरे टोक लहान धारित्रातून जोडण्याची मध्यम वाटही आहे. धारित्र मंद प्रवाहाला अडविते आणि शीघ्र प्रवाहाला वाट देते. मोटरीची स्थिती कळविणाऱ्या शीघ्रगती अंकीय संकेतांच्या केबलींना पुन्हा दोन्ही टोकांची जोडणीच सामान्यतः हितकर ठरते. अर्थात उत्पादकाच्या सूचना प्रथम पाहाव्यात.

जोडणी कशी करावी, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. पुष्कळदा कवचाच्या तारा पिळून त्यांची शेपटी करतात व ती एका स्क्रूखाली दाबतात. १० सेंटिमीटर लांबीच्या शेपटीचा, तिच्या प्रवर्तकत्वामुळे होणारा विरोध ५० हर्ट्‌झला नगण्य असतो. १ कोटी हर्ट्‌झला मात्र तो सुमारे ६ ओहम होतो. जाळीच्या संपूर्ण घेराला कवटाळणारी धातूची पट्टी वापरून, खालचा रंग खरवडून, उघड्या धातूवर ती आवळली म्हणजे हा दोष टळतो. मोटरीची व संकेतांची केबल एकमेकींपासून दूर ठेवाव्यात. ओलांडणे अपरिहार्य असेल, तर काटकोनात ओलांडाव्यात.

एक गोष्ट विसरता कामा नये. माणसाला धक्क्यापासून वाचविणारी अर्थिंगची तार वेगळी असते. त्या कामासाठी मुद्दाम बनविलेले नसेल, तर कवच तिची जागा घेऊ शकत नाही. तार माणसाचे प्राण राखते; कवच मापनाचे सत्य राखते.