गुनवीची हद्द कशी सरकली

‘हद्द’ हा शब्द ऐकला की आम्हा सीमाभागातील मंडळींचे कान टवकारतात. म्हणून दक्षिण कोरियातील गुनवी या ग्रामीण जिल्ह्याची हकिकत वाचकांपुढे ठेवत आहोत. १ जुलै २०२३ रोजी हा जिल्हा उत्तर ग्यंगसांग प्रांतातून निघून शेजारच्या देगू महानगरात गेला.

जिल्हा म्हटला तरी आपल्या तालुक्याएवढाच. क्षेत्रफळ सुमारे ६१४ चौरस किलोमीटर, वस्ती जेमतेम २३ हजार, त्यातही म्हातारी माणसेच फार. १९१४ साली जपानी अमलात शेजारचा उइहंग जिल्हा मोडून गुनवीला जोडला गेला. वरून हुकूम आला आणि झाले! देगू शहरही पूर्वी याच प्रांतात होते. १९८१ साली ते वेगळे काढले. गंमत अशी की प्रांताची मुख्य कचेरी त्यानंतरही २०१६ पर्यंत देगूतच होती.

या वेळी मात्र हुकूम नव्हता, सौदा होता. देगूचा लष्करी व नागरी विमानतळ शहराबाहेर हलवायचा होता. जानेवारी २०२० मध्ये मतदान झाले. गुनवीकरांनी आपल्याच हद्दीतील उबोची जागा उचलून धरली, तर शेजारच्या उइसंग जिल्ह्याने दोन्ही जिल्ह्यांत मिळून असलेली सामाईक जागा. सामाईक जागेला गुनवीचा जिल्हाप्रमुख कबूल होईना. अखेर जुलैत, मुदत संपता संपता, तो राजी झाला. पण अट घातली की जिल्हा देगूत घ्यावा. आश्वासन नुसते तोंडी नव्हे, सह्यांनिशी घेतले. पुढे २०२१ साली प्रांतिक सभेने आधी चालढकल केली, मग संमती दिली. डिसेंबर २०२२ मध्ये संसदेत कायदा झाला.

लहान जिल्ह्याने आपली संमती स्वस्तात दिली नाही, हे आम्हाला विशेष वाटते. तरी एक फरक ध्यानात ठेवावा. तिकडे हद्दीच्या दोन्ही बाजूंना भाषा एकच, कोरियन. शाळेतले पुस्तक बदलले नाही की कचेरीतला कागद परका झाला नाही. आपल्या गावांचे दुखणे तर तेथूनच सुरू होते.

नावाचीही एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. तेराव्या शतकात इर्यन या भिक्षूने ‘सामगुक युसा’ हा जुन्या तीन राज्यांच्या कथांचा ग्रंथ गुनवीतील इंगाक्सा मठात पुरा केला, असे मानतात. २०२१ साली तेथील गोरो मंडलाने आपले नाव बदलून या ग्रंथाचेच नाव घेतले. प्रांत बदलला तरी ते नाव कायम आहे.